आधी निगेटिव्हच सोडा

गाडीच्या बॅटरीची टर्मिनल (केबल जोडायची पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह टोकं) साफ करण्याबद्दल एका पोस्टमध्ये लिहिलंय की त्यांवर साचलेली पांढरी-हिरवी पूड गरम पाण्याने निघते, ते खरंच. पण त्यातलं 'कुठलंही टर्मिनल आधी सोडलं तरी चालतं' हे अजिबात पटलं नाही. बहुतेक गाड्यांत निगेटिव्ह केबल बॉडीला जोडलेली असते. ती तशीच ठेवून पॉझिटिव्हचा नट सोडताना १० नंबरच्या पान्याचं दुसरं टोक बॉनेटखाली कुठेही पत्र्याला टेकलं, की थेट शॉर्ट! ठिणग्या उडतात, पाना तापतो, बोटात अंगठी असेल तर तीही भाजते. म्हणून इंजिन बंद, अंगठी-कडं काढून आधी निगेटिव्ह सोडायची आणि जोडताना ती सगळ्यात शेवटी.

नुसत्या पाण्यापेक्षा पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. फेस येतो म्हणजे ॲसिड मरतंय. पाणी भरायची झाकणं असलेल्या बॅटरीत ती आधी घट्ट बंद करा, सोडा आत गेला तर ॲसिड कमजोर होतं. व्हॅसलीन लावायचं तर मात्र क्लँप (टर्मिनलवर बसणारी केबलची पकड) कोरडे करून, घट्ट आवळून झाल्यावरच, वरून. आणि गाडी नुकतीच फिरवून आणली असेल तर बॉनेट उघडून थोडं थांबा; चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो, त्याला एक ठिणगी पुरते.