शाळेत महिनाभर वारली कलाकार: भिंत टिकेल का?

गोरेगावकर_बाई: आमची मराठी शाळा, सातवीचा वर्ग. मुंबईतल्या आरेच्या जंगलातल्या पाड्यावरचे एक वारली काका महिनाभर येऊन मुलांसोबत कंपाउंडची भिंत रंगवायला तयार आहेत. मुख्याध्यापिकाबाई म्हणतात ऑइलपेंट आणा. मला गेरू आणि तांदूळच हवाय. पावसात राहील?

चित्रकला_मास्तर: उघड्यावर? पहिल्याच सरीत वाहून जाईल. व्हरांड्यातली भिंत घ्या. शेणमातीचा हात, वर गेरू. तांदूळ भिजवून वाटायचे, त्यात पाणी आणि जरा डिंक. ब्रश म्हणजे बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेली. पोरं त्या चावण्यावरच खूश होतात, लिहून ठेवा! भिंत नाहीच मिळाली तर कागद. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनीही कागदावर काढलं, त्यांना २०११ची पद्मश्री मिळाली.

पाड्यावरची: लग्नाचा चौक तेवढा मुलांना काढायला लावू नका. तो आमच्यात सवाशिणी काढतात, आत पालघाट ही आमची लग्नाची देवी असते. तारपा नाच (तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य), शेतं, माकडं काढा की. आणि काकांना रीतसर मानधन द्या, नुसती शाल-श्रीफळावर बोळवण नको.

गोरेगावकर_बाई: मानधनाचं पालकसभेत मांडते. आधी मुलांना आरेत झाडं बघायला न्यायचंय, पण बिबट्याचं नाव निघालं की पालक सह्याच करत नाहीत. त्यावर कुणाकडे उपाय?