घर बदललं आणि बिलात 'लाइन रीकनेक्शन' लागलं: यूकेत हरकत कशी घ्यायची

विषय: लँडलाइन रीकनेक्शनचा आकार
मे २०२५

नमस्कार मंडळी,

आपल्या एका सभासदांनी भाड्याचा फ्लॅट बदलला. कंपनी तीच, नंबर तोच. नव्या पत्त्यावरच्या पहिल्या बिलात मासिक रकमेशिवाय 'लाइन रीकनेक्शन' म्हणून वेगळे पैसे लावलेत. फ्लॅटमध्ये सॉकेट आधीपासून होतं आणि इंजिनिअर कोणी आला नाही. फोन केला तर "सिस्टिमने लावलंय, आम्हाला काढता येत नाही" एवढंच उत्तर मिळतं. पैसे भरायचे की भांडायचं? डायरेक्ट डेबिट (बँक खात्यातून आपोआप बिल वसूल होण्याची सोय) थांबवावं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

स्मिता

---

उत्तर: लँडलाइन रीकनेक्शनचा आकार

स्मिताताई,

डायरेक्ट डेबिट थांबवू नका, हे सगळ्यात आधी. ते थांबवलं की वादातल्या रकमेबरोबर महिन्याचं बिलही थकतं, वर उशिराचा दंड लागतो आणि क्रेडिट रेकॉर्डवर डाग पडू शकतो. डायरेक्ट डेबिट गॅरंटीखाली बँक पैसे परत देते, पण ती सोय रक्कम किंवा तारीख चुकीची वसूल झाली तर असते. आकार योग्य की अयोग्य हे बँक ठरवत नाही. कंपनीला लेखी कळवा की ही रक्कम वादात आहे, निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवा, बाकीचं बिल भरतो आहोत.

आता आकार लागतो कुठून ते पाहू. इंग्लंडमधला हल शहराचा भाग सोडला तर तांब्याच्या तारांचं जाळं बहुतेक सगळीकडे बीटी समूहाच्या ओपनरीच या कंपनीचं. तुमची कंपनी नव्या पत्त्यासाठी ओपनरीचकडे ऑर्डर टाकते. आधीच्या भाडेकरूची सेवा अजून चालू असेल तर ती लाइन तशीच ताब्यात घेता येते, त्याला 'वर्किंग लाइन टेकओव्हर' म्हणतात. लाइन बंद पडलेली पण जागेवर असेल तर ती पुन्हा सुरू करतात. दोन्ही कामं बऱ्याचदा घरी न येता होतात. तिसरा प्रकार म्हणजे सरळ नवी लाइन, आणि खरा खर्च तिथे असतो.

घोळ होतो तो पत्त्यात. एकाच फ्लॅटची नोंद कुठे 'फ्लॅट २' अशी असते, कुठे 'फर्स्ट फ्लोअर फ्लॅट' अशी. विक्री करणाऱ्याने यादीतली चुकीची ओळ निवडली की त्या नोंदीवर लाइन दिसत नाही आणि सिस्टिम नव्या लाइनची ऑर्डर तयार करते. जुन्या घराचे भाग करून फ्लॅट केलेल्या इमारतींत हे फार होतं. म्हणून कंपनीला नेमका प्रश्न विचारा: ओपनरीचकडे कोणत्या प्रकारची ऑर्डर टाकली, आणि कोणत्या पत्त्याच्या नोंदीवर? ऑर्डरच्या प्रत्येक टप्प्यावर ओपनरीचकडून कंपनीला 'केसीआय' नावाचे संदेश जातात, त्यामुळे ही माहिती त्यांच्याकडे असते.

मंदार

---

उत्तर: लँडलाइन रीकनेक्शनचा आकार

मंदारदादा, एवढं खोदायची गरज आहे का? इंजिनिअर आला नाही, वायर ओढली नाही. काम झालं नाही तर पैसे कशाचे? एवढा एकच मुद्दा लावून धरला तरी पुरे.

केदार

---

उत्तर: लँडलाइन रीकनेक्शनचा आकार

केदार, तो मुद्दा एकटा टिकत नाही. कंपनी सेवा सुरू करून देण्याचा ठरावीक आकार घेऊ शकते, माणूस घरी येवो की न येवो. तो करार करण्याआधी स्पष्ट सांगितला होता का, यावर सगळं अवलंबून आहे.

१७ जून २०२२ पासून ऑफकॉम या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार ग्राहक करारात अडकण्याआधी त्याला 'कॉन्ट्रॅक्ट समरी' द्यावी लागते. किंमत, मुदत आणि सुरुवातीचे आकार त्यात असतात. घर बदलताना कंपन्या बहुतेकदा नवा करार करतात, तेव्हा जुनी समरी चालत नाही, नवी हवी. शिवाय २०१३ च्या कन्झ्युमर कॉन्ट्रॅक्ट्स नियमांतलं ४० वं कलम सांगतं की मूळ किमतीवरच्या जादा रकमेला ग्राहकाची स्पष्ट संमती आधी घ्यावी लागते. आधीच टिक केलेला चौकोन ही संमती धरत नाहीत. तेव्हा सभासदांना ईमेल शोधायला सांगा, स्पॅमसुद्धा. समरीत हा आकार नसेल तर बाजू भक्कम. असेल, तर ऑर्डर चुकीच्या पत्त्यावर गेली एवढाच मुद्दा उरतो, आणि तोही लढवण्यासारखा आहे.

तक्रार फोनवर केली तरी चालते, पण मागोमाग लेखी पाठवा. "ही माझी कम्प्लेंट आहे" असं स्पष्ट म्हणा आणि तिचा संदर्भ क्रमांक घ्या. नुसती चौकशी म्हणून नोंद झाली तर पुढची मुदत कधीपासून मोजायची यावरच वाद होतो. पत्र लांबवू नका. बिलाची तारीख आणि रक्कम, समरीत तो आकार नाही ही गोष्ट, ऑर्डरचा प्रकार व पत्ता कळवण्याची मागणी, आणि व्हॅटसकट पूर्ण रक्कम परत हवी हे वाक्य. व्हॅट २० टक्के असतो. परतावा देताना तो सुटलेला नाही ना, ते पाहा.

कंपनी फोनचं रेकॉर्डिंग द्यायला टाळाटाळ करत असेल तर 'सब्जेक्ट अॅक्सेस रिक्वेस्ट' (कंपनीकडची आपली माहिती मागण्याचा कायदेशीर अर्ज) करा. ती फुकट असते आणि साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. विक्रीच्या फोनचं रेकॉर्डिंग आणि खात्यावरच्या नोंदी, दोन्ही मागा. आकाराबद्दल त्या फोनवर अवाक्षर नसेल तर तोच पुरावा.

ठरलेल्या मुदतीत (मे २०२५ मध्ये ती आठ आठवडे होती) मिटलं नाही, किंवा त्याआधी कंपनीने 'डेडलॉक लेटर' (आमच्याकडून आता आणखी काही होणार नाही असं पत्र) दिलं, की बाहेरच्या लवादाकडे जाता येतं. कम्युनिकेशन्स ओम्बड्समन आणि सिसास अशा दोन योजना आहेत. प्रत्येक कंपनीला त्यातल्या एकीत असावंच लागतं. कोणत्या, ते तिच्या तक्रार नियमावलीत लिहिलेलं असतं. ग्राहकाला खर्च नाही. निर्णय तुम्ही मान्य केलात तर कंपनीवर बंधनकारक होतो. ऑफकॉमकडे मात्र वैयक्तिक तक्रार नेऊ नका, ते एकेका ग्राहकाचे वाद सोडवत नाहीत.

अनघा

---

उत्तर: लँडलाइन रीकनेक्शनचा आकार

अनघाताईंच्या मजकुरात एक भर. सेवा ठरल्या तारखेला सुरू झाली होती का, तेही विचारा. १ एप्रिल २०१९ पासूनच्या ऑटोमॅटिक कॉम्पेन्सेशन योजनेत सामील कंपन्यांना उशिराच्या प्रत्येक दिवसाची भरपाई न मागता द्यावी लागते. सुरुवातीला ती दिवसाला ५ पौंड होती, चुकलेल्या अपॉइंटमेंटला २५ पौंड. महागाईप्रमाणे दर एप्रिलला वाढते. ही भरपाई आणि रीकनेक्शनचा आकार एकमेकांत वळते करून घेऊ नका. "गुडविल म्हणून इतके देतो, विषय संपवू" असं म्हणाले तर आधी विचारा की आकार रद्द केला की नुसता झाकला. हक्काची भरपाई गुडविल म्हणून पदरात पडली तर नुकसान तुमचंच.

पुढे घर बदलणाऱ्या सगळ्यांसाठी: जुनी लाइन आधी बंद करायला सांगू नका, नंबर जायची भीती असते. चावी मिळाली की मास्टर सॉकेटचा (लाइन घरात येते तिथल्या मुख्य सॉकेटचा) फोटो काढा. खालची पट्टी काढली की आत टेस्ट सॉकेट दिसतं (जुन्या एनटीई५ प्रकारच्या सॉकेटवर दोन स्क्रू, नव्या एनटीई५सी वर कडेच्या चिमट्या). त्यात साधा वायरचा फोन लावून १७०७० फिरवा. जुनी तांब्याची फोनलाइन चालू असेल तर तिचा नंबर ऐकू येतो. तो ऑर्डर देताना सांगितला की पत्त्याचा गोंधळ टळतो. टोन आला नाही म्हणजे लाइन मेली असं मात्र समजू नका. ५ सप्टेंबर २०२३ पासून जुन्या पद्धतीच्या लाइनची नवी विक्री थांबली आहे. आता फोन राउटरला लागतो, आणि फक्त ब्रॉडबँडच्या लाइनवर भिंतीतल्या सॉकेटला टोन नसतोच. घरात वयस्क आईवडील असतील तर वीज गेल्यावर असा फोन बंद पडतो हेही लक्षात ठेवा आणि कंपनीकडे बॅटरी बॅकअप मागा. लँडलाइनवरच अवलंबून असलेल्यांना तशी सोय फुकट मिळते.

मंदार

---

उत्तर: लँडलाइन रीकनेक्शनचा आकार

सगळ्यांचे आभार. सभासदांनी ईमेल शोधले: समरी आहे, पण त्यात सुरुवातीचा आकार शून्य लिहिलाय. बीटी होलसेलच्या चेकरवर (पत्त्याला कोणती सेवा मिळते ते दाखवणाऱ्या वेबसाइटवर) पोस्टकोड टाकला तर त्यांच्या फ्लॅटच्या दोन नोंदी दिसतात, एक आकड्याने आणि एक मजल्याच्या नावाने. तक्रारीत काय काय जोडू?

स्मिता

---

उत्तर: लँडलाइन रीकनेक्शनचा आकार

दोन्ही जोडा, पण समरी पहिली. शून्याच्या ओळीखाली रेघ मारा आणि ती ज्या ईमेलबरोबर आली त्याची तारीख दिसू द्या. चेकरचा स्क्रीनशॉट तारखेसकट घ्या. नोंदी नंतर दुरुस्त झाल्या तर पुरावा हातात राहील. कोणत्या नोंदीवर ऑर्डर गेली हा प्रश्न पत्रात तसाच ठेवा, उत्तर त्यांनाच लिहू द्या. पत्र उद्या गेलं तर लवादाकडे जाण्याची मुदत उद्यापासून मोजा.

अनघा