मरीया केळीच्या बागेत काढली तर चालेल का? आणि पत्र्याखाली रंग वाळतो त्याचं काय करू?

गच्चीवरची_खोली (भुसावळ)

सगळ्यांना सलाम. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी भुसावळची. वडील रेल्वेत होते, क्वार्टर सुटलं तेव्हा गावातच घर बांधलं आणि त्याच्या गच्चीवर जी पत्र्याची खोली आहे तिथं मी सहा वर्षं झाली ॲक्रिलिक करतेय. स्टुडिओ म्हणायला जीभ अडखळते कारण अर्ध्या खोलीत कुरडया-पापडांचे डबे, कूलरचं जुनं गवत आणि भावाची मोडकी सायकल आहे. सकाळी साडेपाचला चहा घेऊन वर जायचं, पाच मिनिटं प्रार्थना, मग पाण्याचे दोन डबे भरायचे, एक घाणेरड्या ब्रशचा आणि एक स्वच्छ, आणि तरी आठवड्यातून एकदा ब्रश चहात बुडतोच. नऊ-साडेनऊपर्यंत काम होतं. नंतर पत्रा बोलायला लागतो. आत्ता मे चालूय, बाहेर ४५ आहे, आत किती ते मी मोजतच नाही.

आता मुद्दा. आमच्या चर्चच्या मंडळीने नाताळसाठी वेदीमागच्या भिंतीवर लावायला ६ बाय ४ फुटांचं चित्र सांगितलंय, प्रभूच्या जन्माचं. मला ते कॅलेंडरवर असतं तसं निळा झगा, सोनेरी केस असलं काढायचं नाहीये. मागच्या थंडीत मैत्रिणीच्या शेतात रावेरकडे गेले होते, केळीची कापणी चालू होती, एका मजूर बाईने वाळलेल्या पानांची गादी करून त्यावर बाळ झोपवलं होतं आणि वरच्या पानातून गाळून आलेला हिरवट-पिवळा उजेड बरोब्बर त्याच्या कपाळावर पडला होता. वाऱ्याने पान हललं की तो उजेड गालावर यायचा, परत कपाळावर जायचा. मी तिथंच उभी राहिले, ऊस खायचा राहूनच गेला. तेच काढायचंय. गोठ्याच्या जागी पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) कुडाची खोपी, मरीया लुगड्यात, योसेफाच्या खांद्यावर उपरणं आणि बाजूला त्याची करवत.

कच्चं स्केच दाखवलं तर पंच कमिटीतले एक काका म्हणाले, बेथलेहेमात केळी कुठून आल्या? आणि मरीया तर कामावरची बाई दिसतेय. (तशीच दिसायला हवी होती, पण मी गप्प बसले.) दुसऱ्या एकांनी हळूच दहा आज्ञांतल्या दुसऱ्या आज्ञेची (मूर्ती करून तिला नमू नको) आठवण करून दिली, की उपासनेच्या जागी मुळात चित्रच कशाला. पाळकसाहेब म्हणाले प्रार्थना कर बेटा. करतेच आहे.

आणि दुसरं रडगाणं म्हणजे रंग. आकाश मऊ उतरतं करायचं असतं तर मिसळेपर्यंतच वाळतो, पट्टे पडतात. गेल्या जूनमध्ये तर दोन चित्रं तोंडाला तोंड लावून टेम्पोत दिली होती, नाशिकला पोचेपर्यंत एकमेकांना चिकटली, सोडवताना एकाचं आभाळ दुसऱ्याच्या शेतात गेलं. कुणी सांगेल का हे का होतं?

ब्रशचा_दगड (जळगाव)

ताई, आभाळ शेतात गेलं वाचून हसलो, पण माझंही गेलंय म्हणून हसायचा हक्क आहे.

ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे बारीक कण. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो आणि झाला की झाला, परत पाण्याने सुटत नाही, माझं इथलं नाव त्यावरूनच पडलंय. पण हा पापुद्रा उष्णतेने मऊ पडतो. जूनच्या उन्हात बंद टेम्पो म्हणजे तवाच, वर दोन चित्रांचा दाब, मग चिकटणारच. तोंडाला तोंड कधीच लावू नका. मध्ये सिलिकॉनवाला बेकिंग पेपर ठेवा, आणि बबल रॅप डायरेक्ट चित्रावर नको, त्याचे फोड रंगावर उमटतात, एका बाईच्या चेहऱ्यावर देवी आल्यासारखं झालं होतं माझ्याकडे.

पॅलेटसाठी स्टीलचा पसरट डबा घ्या, तळाला ओला स्पंज किंवा जुना टॉवेल, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावून ठेवलं तर दुसऱ्या दिवशीपण ओला मिळतो. तिसऱ्या दिवशी वास येतो, तेव्हा स्पंज धुवायचा कंटाळा नको. रिटार्डर (रंग उशिरा वाळवणारं औषध) मिळतो पण बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त घातला की वरून वाळल्यासारखं दिसतं आणि बोट लावलं की चिकट. नुसतं पाणी ढोसत राहिलात तरी वाईट, रंग धरत नाही, पातळ करायचंच असेल तर मॅट मीडियम (रंगात मिसळायचं, चमक न आणणारं द्रावण).

आकाशासाठी माझी पद्धत अशी की चार-पाच छटा आधीच मिसळून झाकणाच्या डब्यांत भरून ठेवायच्या, कॅनव्हासवर पाण्याचा फवारा, दोन मोठे ब्रश, एक रंगाचा एक फक्त ओलसर, आणि एका वेळी हातभर पट्टाच करायचा. त्यातूनही पट्टे दिसले तर वाळल्यावर पातळ थर देत देत बुजवायचे. आणि हो, ओला रंग दुधाळ असतो म्हणून फिका दिसतो, वाळला की एक छटा गडद होतो. आकाश दुरुस्त करायला दुसऱ्या दिवशी बसलात तर हा हिशेब डोक्यात ठेवा नाहीतर ठिगळ दिसतं.

पंखा बंद. कूलर लावा पण तोंड भिंतीकडे करा, दमट हवेने रंग थोडा थांबतो, झोत चित्रावर आला की उलटं होतं.

धर्माचं मला कळत नाही, ते बाकीचे सांगतील.

रिटायर_ड्रॉइंग_मास्तर (धरणगाव)

मुली, मी काही ख्रिश्चन नाही, तरी दोन गोष्टी सांगतो.

पस्तीस वर्षं पोरांना अजिंठ्याला नेलं. तिथली बुद्धाची कथा तर उत्तरेकडची, गंगेच्या खोऱ्यातली ना? पण पाचव्या शतकातल्या त्या लोकांनी महाल, दागिने, वेण्या सगळं आपल्या वेळचं, आपल्या डोळ्यांसमोरचं काढलं. भिंतीला माती लावली ती इथलीच, भाताचा कोंडा घालून, वर चुन्याचा हात. लाल पिवळा इथल्याच दगडमातीचा. निळा तेवढा लांबून, अफगाणिस्तानातून आलेला. म्हणजे एक रंग परका चालतो, पण जमीन आपली लागते. हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरचे झोपलेले असायचे, असो.

दुसरं म्हणजे चित्रकार आंजेलो द फोन्सेका हे नाव तू ऐकलं असशील, नसेल तर शोध. जन्म गोव्याचा १९०२ चा, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला आणि परत येऊन मरीयेला साडी नेसवली. गोव्यातल्या चर्चच्या लोकांना ते सोसलं नाही. शेवटी पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम करत राहिला, १९६७ ला तिथंच वारला. तुझ्या काकांचा प्रश्न नवा नाही एवढंच. आणि युरोपातल्या ब्रॉयगल नावाच्या चित्रकाराने १५६६ मध्ये बेथलेहेमची शिरगणती काढली ती बर्फात, त्याच्या देशातल्या खेड्यात. त्याला कुणी विचारलं नाही बर्फ कुठून आला, केळीलाच का विचारतात!

एक मास्तरकी. पानाचा हिरवा ट्यूबमधून थेट काढू नकोस, मेलेला दिसतो. लिंबू पिवळ्यात अल्ट्रामरीनचा (गडद निळ्याचा) थेंब आणि चिमूटभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). पोंगा, म्हणजे न उलगडलेलं कोवळं पान, जवळजवळ पिवळाच ठेव. आणि पानं फाटकी काढ, वाऱ्याने शिरेशिरेवरून फाटलेली, अख्खी पानं फक्त सत्यनारायणाला असतात.

नवापूरकर

जय ख्रिस्त ताई. मी मावची आदिवासी, आमच्याकडे आजोबांच्या वेळेला गोऱ्या मिशनऱ्यांनी देवाची वाणी आणली तेव्हा ढोल बंद करायला सांगितले होते असं म्हातारी माणसं सांगायची, आता नाताळला आमच्या भागात फेरी निघते ती ढोलावरच निघते, आणि कुणाचा विश्वास कमी झालेला मला तरी दिसला नाही.

काकांना एक विचारा, अगदी नम्रपणे. रविवारी आपण टिळकांचे अभंग टाळावर म्हणतो ना, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे? बेथलेहेमात अभंग होता का? बाप्तिस्मा १८९५ ला घेतला पण त्यांनी कीर्तन सोडलं नाही, चर्चमध्ये आणलं. कानाला जे चालतं ते डोळ्याला का नाही, एवढाच माझा प्रश्न.

दुसऱ्या आज्ञेचं म्हणाल तर तो विषय मी हलक्यात घेत नाही. पण ती आज्ञा बायबलातल्या ज्या निर्गम पुस्तकात आहे त्याच निर्गमात ३१ वा अध्याय आहे, बसालेल नावाच्या कारागिराचा. देवाने त्याला आत्म्याने भरलं ते कशासाठी, उपदेश करायला नाही, सोन्याचं, लाकडाचं, नक्षीचं काम करायला. चित्राला नमस्कार करायचा नाही हे खरं, म्हणून काढायचंच नाही असं नाही.

स्पष्ट_बोलतो

सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून मी दुसरी बाजू धरतो, राग मानू नका. गच्चीवर तुम्ही काय वाटेल ते काढा, ते तुमचं चित्र. वेदीमागे लागणारं चित्र तुमचं नसतं, दर रविवारी दीड तास समोर बसणाऱ्या माणसाचं असतं. ज्या म्हाताऱ्याने चाळीस वर्षं निळ्या झग्यातली मरीया बघत डोळे मिटले त्याच्यासमोर एकदम खोपी आणि पऱ्हाट्या आणल्यात तर त्याला वाटणार माझं काहीतरी काढून घेतलं. फोन्सेकाचं, ब्रॉयगलचं सांगून तो गप्प होईल, पटणार नाही. आधी हॉलमध्ये लावा, लोकांना सवय होऊ द्या.

आणि सहा बाय चार मांजरपाटावर करणार असाल तर लाकडी चौकटीला मधे आडवी पट्टी घ्या, नाहीतर पोट येतं.

रिटायर_ड्रॉइंग_मास्तर

नवापूरकर, टिळकांचं नाव काढलंत म्हणून राहवत नाही. आमच्या धरणगावचे बालकवी, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ते नगरला याच टिळकांच्या घरी राहिले होते, घरच्या पोरासारखे. आणि १९१८ ला गेले ते इथं भादली स्टेशनजवळ, रेल्वेखाली. अठ्ठावीस वर्षं पूर्ण नव्हती. विषयाला सोडून आहे, माहीत आहे.

स्पष्ट बोलतो यांचं म्हणणं मला अर्धं पटलं. पट्टीचं तर पूर्ण पटलं.

गच्चीवरची_खोली

सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला बारा दिवस लागले कारण मधे लाइटच नव्हती धड.

स्पष्ट बोलतो, तुमचं वाचून पहिल्यांदा चिडले, मग रात्री झोप नाही लागली, म्हणजे बरोबर असणार. तर मी असं केलं, मोठ्याला हातच लावला नाही, दीड फुटाचं रंगीत छोटं केलं (बटर पेपरवाला डबा एक नंबर, ब्रशचा दगड भाऊ, पण माझ्या आईने त्याला मिठाईचा डबा समजून उघडला) आणि रविवारी उपासनेनंतर महिला मंडळाच्या चहाला भिंतीला टेकवून नुसतं ठेवलं, काही बोलले नाही. अमळनेरकडच्या एक आजी आहेत आमच्यात, चष्मा पुसून पुसून बघत होत्या, मग मोठ्याने म्हणाल्या, "हाई ते आपली शेजारीन दिखस!" आणि बाळाच्या कपाळावर जो पिवळा उजेड आहे तिथं बोट ठेवलं. रंग वाळलेला होता, देवाची कृपा.

टिळकांचं मी काकांना विचारलंच नाही, धीर झाला नाही. तेच आपणहून आले. कप हातात, बराच वेळ उभे. मला वाटलं आता दुसरी आज्ञा. तर म्हणाले, हा घड चुकलाय. मी म्हटलं काय? म्हणे केळी खाली लोंबतात असं काढलंयस तू, झाडावर फण्यांची बोटं वर वळलेली असतात, खाली फक्त कमळ (केळफूल) लोंबतं, कधी बाग बघितलीस का नीट? त्यांची स्वतःची यावलला दोन एकर केळी आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग चहाच्या पेल्यावर बोट फिरवत वीस मिनिटं मला निसवणीपासून (घड बाहेर पडण्यापासून) कापणीपर्यंत सगळं समजावलं.

वेदीमागे की हॉलमध्ये ते अजून ठरलेलं नाही, कमिटी जुलैत बसेल. पुढच्या रविवारी त्यांच्या शेतावर जातेय, स्केचबुक घेऊन, सकाळी सहाला निघायचं कारण दहानंतर तिथंही तवाच.

मास्तर, पानं सगळी फाडली. जळगावहून कुणी इकडे येणार असेल तर अल्ट्रामरीनची मोठी ट्यूब आणाल का, इथं दुकानात संपलीय, पैसे लगेच देते.