स्वमग्न मुलाच्या मेंदूच्या अभ्यासात सहभागी व्हावे का?

प्रश्न (एक आई):
माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी त्याला स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले. तो मोजकेच शब्द बोलतो आणि डोक्याला कोणी हात लावलेला त्याला सहन होत नाही. केस कापायचे म्हटले तरी त्याला आणि आम्हालाही दोन दिवस आधीपासून तयारी करावी लागते. एका संशोधन गटाने आम्हाला दोन चाचण्यांसाठी विचारले आहे: डोक्यावर टोपी बसवून ईईजी आणि त्यानंतर फंक्शनल एमआरआय. माहितीपत्रक मी तीनदा वाचले, तरीही या चाचण्यांतून नेमके काय कळते, तो पुढे बोलेल की नाही हे त्यातून समजेल का आणि एवढ्यासाठी त्याला त्रास देणे योग्य आहे का, हे मला ठरवता येत नाही. ज्यांना यातील माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ (ईईजी तंत्रज्ञ):
मी अनेक वर्षे लहान मुलांचे ईईजी घेत आहे, म्हणून त्याबद्दल आधी लिहितो. मेंदूतील पेशी एकाच वेळी मोठ्या संख्येने सक्रिय झाल्या की त्यांचे अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह कवटीबाहेर पोहोचतात आणि टोपीतील इलेक्ट्रोड ते फक्त टिपतात. मुलाच्या डोक्यात बाहेरून काहीही सोडले जात नाही. माणसाचा असा पहिला आलेख हान्स बर्गर यांनी 1924 साली घेतला होता. या पद्धतीचे मोठे बळ म्हणजे वेळ, कारण हजारांश सेकंदात होणारे बदल तिच्यात दिसतात. चेहरा पाहिल्यावर साधारण 170 मिलिसेकंदांनी मेंदूत एक विशिष्ट लहर उमटते, तिला एन-170 म्हणतात. स्वमग्न मुलांच्या गटात ही लहर सरासरीने थोडी उशिरा येते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मात्र ‘सरासरीने’ हा शब्द कृपया नजरेआड करू नका. स्वमग्न आणि इतर अशा दोन्ही गटांतील मुलांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्या मुलाची लहर पाहून तो स्वमग्न आहे की नाही हे कोणी सांगू शकत नाही. निदान आजही वर्तनाच्या निरीक्षणावरून आणि पालकांशी बोलूनच होते. तो बोलेल का, याचे उत्तरही या आलेखातून मिळणार नाही.

एक गोष्ट वेगळी ठेवा. स्वमग्न मुलांमध्ये अपस्माराचे (फिट येण्याच्या आजाराचे) प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असते. मुलगा मध्येच काही क्षण हरवल्यासारखा थांबत असेल किंवा झोपेत झटके येत असतील, तर संशोधनाची वाट न पाहता मेंदूविकारतज्ज्ञांकडून वैद्यकीय ईईजी करून घ्या.

उत्तर २ (प्रतिमा-विश्लेषण करणारी संशोधक):
वरील उत्तराशी मी सहमत आहे. एमआरआयबद्दल थोडी भर घालते. फंक्शनल एमआरआय मेंदूतील विद्युत् संदेश मोजत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे प्राणवायूयुक्त रक्ताचा ओघ वाढतो, आणि काही सेकंदांनी दिसणारा तो बदल यंत्र टिपते. जागा चांगली कळते, वेळ ढोबळ कळते. यंत्राचा आवाज मोठा असतो आणि डोके जवळजवळ अजिबात हलवायचे नसते. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचा धडा याच अटीमुळे मिळाला. स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूत जवळच्या भागांतील जोडण्या जास्त आणि दूरच्या भागांतील जोडण्या कमी असतात, असे एके काळी बरेच ठामपणे मांडले जात होते. 2012 साली एकाहून अधिक गटांनी दाखवून दिले की डोके एक मिलिमीटरपेक्षाही कमी हलले तरी अगदी असेच चित्र खोटेपणाने तयार होते. स्वमग्न मुले यंत्रात अधिक हालचाल करत असतील, तर दिसलेला फरक मेंदूचा किती आणि हालचालीचा किती, हा प्रश्न उरतोच. तेव्हापासून जास्त हललेल्या मुलांची माहिती गाळली जाऊ लागली. ते आवश्यकच होते, पण त्यामुळे एक मोठी उणीव आणखी खोल झाली: जी मुले बोलत नाहीत, स्थिर राहू शकत नाहीत, ती अभ्यासातूनच वगळली जातात. त्याच वर्षी खुल्या झालेल्या अबाइड या माहितीसंचात 17 केंद्रांवरच्या 1112 व्यक्तींच्या नोंदी होत्या, त्यांपैकी 539 स्वमग्न होत्या. परंतु सहा वर्षांखालील मूल त्यात एकही नव्हते. आपण ज्याला ‘स्वमग्न मेंदू’ म्हणतो ते चित्र बहुतांशी बोलणाऱ्या, सूचना पाळू शकणाऱ्या आणि वयाने मोठ्या व्यक्तींचे आहे. तुमच्या मुलासारख्या मुलांबद्दल आम्हाला फार थोडे माहीत आहे आणि याची मला मनापासून खंत वाटते. तरीही ती उणीव भरून काढण्याचा भार त्याच्यावर टाकू नये.

उत्तर ३ (एक वडील):
माझी मुलगी सहा वर्षांची असताना ईईजीच्या अभ्यासात सहभागी झाली होती. आम्ही आधी तशीच एक टोपी घरी मागून घेतली. पहिले काही दिवस ती बाहुलीला घातली, मग मला, आणि शेवटी तिने स्वतःच हातात घेतली. दोन भेटींत काहीच नोंद झाली नाही. तिसऱ्या भेटीत अकरा मिनिटांची झाली. टोपीच्या दोन प्रकारांत फरक असतो हे आवर्जून विचारा: एका प्रकारात केसांत चिकट जेल भरतात, दुसऱ्यात मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज असतात. माझ्या मुलीला ओलेपणा चालला, चिकटपणा चालला नसता. आणखी एक विचारा: मूल बोलून नकार देऊ शकत नसेल, तर त्याचा नकार कसा ओळखला जाईल आणि चाचणी कोण थांबवेल? आमच्या बाबतीत तिने टोपीकडे हात नेला की थांबायचे, असे आधीच लिहून ठेवले होते.

मूळ प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. त्याला अधूनमधून काही क्षण हरवल्यासारखे होते. मी ते आजवर त्याच्या स्वभावाचाच भाग मानत होते. त्यासाठी उद्याच डॉक्टरांची वेळ घेते. एमआरआयला सध्या नकार कळवला आहे. ईईजीसाठी स्पंजची टोपी महिनाभर घरी ठेवायला मिळेल का, असे संशोधकांना विचारले आहे, आणि तो मान वळवून भिंतीकडे पाहू लागला की चाचणी थांबवायची, ही अट संमतीपत्रात लिहून मागितली आहे.

उत्तर २ (पुन्हा):
ही अट अवश्य लिहून घ्या. नोंद अपुरी राहिली तर ती का राहिली हेही नोंदवायला सांगा; पुढच्या अभ्यासाची आखणी करणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो.