घरच्या वेब सर्व्हरला कोणती ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) घालू, आणि बाबांच्या टेपा कुठे ठेवू?

टेपवाली_कुडाळ

नमस्कार. माझे बाबा जत्रेत, सप्त्यात डबलबारीची भजनं रेकॉर्ड करायचे. १९८४ पासून वीसेक वर्षं टेपरेकॉर्डर खांद्याला लावून रात्र रात्र बसले. २८० कॅसेट आहेत, बहुतेक सगळ्या ९० मिनिटांच्या. त्यातले कितीतरी बुवा आणि पखवाजी आज हयात नाहीत. दिवाळीपासून मी त्या संगणकावर उतरवते आहे, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइली. ६० झाल्या. काही टेपांना बुरशी धरली आहे, त्यामुळे थांबून चालणार नाही.

वाडीवाडीतल्या लोकांना मोबाइलवर ऐकता येतील अशी साइट करायची आहे. सगळं मिळून ८७० जीबीच्या आसपास जाईल. एवढी जागा भाड्याने परवडत नाही, म्हणून सर्व्हर घरीच ठेवणार.

मशीन जुनं आहे: चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. शिवाय ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क घेतल्या आहेत. डेबियन, उबुंटू सर्व्हर की फ्रीबीएसडी? आणि दोन डिस्कांचं रेड-१ (दोन्हींवर तीच प्रत) करून वर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम, की झेडएफएस? शाळेच्या लॅबमध्ये दहा वर्षं उबुंटू सांभाळलं आहे, कमांड लाइनची भीती नाही.

कृष्णाकाठ_वाई

ताई, आधी बाबांना नमस्कार. काम मोठं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका डब्यात घालायला निघाला आहात. लोकांना ऐकवायची प्रत आणि जपायची मूळ प्रत, या दोन्हींच्या गरजा वेगळ्या. हिशोब बघा. तुमच्या मूळ फाइलीचा वेग सेकंदाला ४६०८ किलोबिट. ९६ किलोबिटची एमपी३ केली तर मोबाइलच्या स्पीकरवर भजन छान ऐकू येतं, आणि जेवढ्या अपलोडमध्ये एक माणूस मूळ फाइल ऐकेल तेवढ्यात ४८ जण ऐकतील. ४२० तासांच्या सगळ्या एमपी३ मिळून साधारण १८ जीबी होतात. म्हणजे अख्खी साइट त्या २५६ जीबीच्या एसएसडीत बसते आणि निम्म्याहून जास्त जागा उरते.

त्यामुळे ओएसचा प्रश्न सोपा झाला. एसएसडीवर ईएक्सटी४ आणि उबुंटू २४.०४. मी स्वतः नऊ वर्षं डेबियन वापरतो आणि मला ते प्रिय आहे, पण रात्री साडेअकराला साइट पडली की जे हाताला सवयीचं आहे तेच कामी येतं. तुमचे हात उबुंटूचे आहेत. २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट फुकट मिळतील. ते आपोआप बसतील असं करून ठेवा. पासवर्डने लॉगिन बंद, फक्त एसएसएच कीने (किल्लीच्या फाइलने). एवढं केलं की ती एसएसडी उद्या जळाली तरी एका दिवसात साइट परत उभी राहते.

आता मूळ फाइली. त्या इंटरनेटला उघड्या असलेल्या मशीनवर सतत फिरत ठेवूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेड-१ बद्दल माझा अनुभव सांगतो, कारण तो अजून मनातून जात नाही. आमच्याकडच्या एका घराण्याचे मोडी कागद मी स्कॅन करून दिले होते. दोन डिस्कांचं रेड-१, वर ईएक्सटी४. दर महिन्याची तपासणी आपोआप व्हायची, तिच्या अहवालात दोन्ही डिस्कांमध्ये फरक दिसू लागला आणि मी त्याकडे लक्ष दिलं नाही. दोनेक महिन्यांनी एक फाइल उघडली तर पानाचा खालचा अर्धा भाग करडा. एका डिस्कवरची प्रत खराब, दुसरीवरची चांगली असणार, पण लिनक्सच्या साध्या रेडला दोहोंतली खरी कोणती हे कळत नाही. दुरुस्ती करायला सांगितलं की ते एका डिस्कवरचं दुसरीवर उतरवतं, बस. मी तसं सांगितलं. चौदा पानं गेली. मूळ कागदांना तोवर वाळवी लागली होती.

झेडएफएस प्रत्येक ब्लॉकची चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) वेगळी ठेवतं. वाचताना ती जुळली नाही तर दुसऱ्या डिस्कवरची प्रत घेतं आणि पहिली सुधारतं. म्हणून मूळ फाइलींसाठी झेडएफएस. एक टीबीला एक जीबी रॅम वगैरे ऐकाल, तुमच्या कामाला ८ जीबी पुष्कळ झाले.

डेमन_ठाणे

वरच्याशी बहुतेक सहमत. पण झेडएफएस वापरायचंच तर फ्रीबीएसडीचा विचार का नाही? तिथे ते २००८ पासून मूळ सिस्टिममध्येच आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) परवान्याच्या अडचणीमुळे ते येत नाही. डेबियनवर तर कर्नल बदलला की झेडएफएसचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) नव्याने बांधावं लागतं, आणि कधीतरी ते बांधणं फसतं. अपडेटआधीच्या सिस्टिममध्ये परत बूट करायची सोयही फ्रीबीएसडीत चांगली आहे.

दुसरं, त्या ४ टीबी डिस्कांचा मॉडेल नंबर आधी तपासा. या आकाराच्या बऱ्याच डेस्कटॉप डिस्कांमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्याला एसएमआर म्हणतात. एक डिस्क गेली आणि दुसरीवरून नवी भरायची वेळ आली की अशा डिस्कला दिवसच्या दिवस लागतात.

कृष्णाकाठ_वाई

डेबियनबद्दलचं बरोबर आहे. पण उबुंटूत झेडएफएसचं मॉड्यूल कर्नलसोबत तयार येतं, म्हणून ताईंना ती अडचण नाही. एसएमआरचा मुद्दा माझ्याकडून राहिलाच होता, तो नक्की बघा.

खाडीपलीकडे_देवगड

मी तुमच्याच जिल्ह्यातला, म्हणून विजेचं बोलतो. घरच्या इन्व्हर्टरवर सर्व्हर चालवू नका. वीज गेल्यावर तो बदली व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात मशीन बंद पडू शकतं. यूएसबी वायर असलेला यूपीएस घ्या आणि नेटवर्क यूपीएस टूल्स बसवा, म्हणजे बॅटरी उतरत आली की मशीन स्वतःहून नीट बंद होतं. बायॉसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं, तेही करा. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही यूपीएसवर हवेत, नाहीतर सर्व्हर चालू आणि साइट बंद. मे अखेर आणि ऑक्टोबरात गडगडायला लागलं की मी तर सरळ प्लग काढतो. फायबरमधून वीज येत नाही, पण अॅडॅप्टरमधून येते. माझं एक लॅन कार्ड असंच गेलं.

राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल तर तो तुमच्या एकट्याचा नाही, बाहेरून कोणी आत येऊ शकणार नाही. मग एखादा सगळ्यात स्वस्त भाड्याचा सर्व्हर घेऊन वायरगार्डचा बोगदा (व्हीपीएनची सुरक्षित जोडणी) घरापर्यंत आणा. अर्थात साइट १८ जीबीचीच असेल तर ती पूर्ण तिथेच ठेवण्याचाही विचार करा.

टेपवाली_कुडाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. ४८ जणांचा हिशोब वाचून मी वही घेऊन पुन्हा मांडला, तेवढाच आला. आत्तापर्यंत जागेचीच काळजी करत होते.

राउटरचा पत्ता १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे बोगदा आलाच. तरी साइट घरीच ठेवते. पुढे फोटो आणि बाबांच्या वह्या चढवायच्या आहेत, आणि बिघडलं तर मलाच हात घालता यावा. एका डिस्कचा मॉडेल एसएमआर निघाला, दुसरीचा नाही. आता या दोघींचं काय करू? वेव्हच ठेवू की फ्लॅक?

कृष्णाकाठ_वाई

फ्लॅक करा. आवाजातला एक बिटही बदलत नाही, जागा बऱ्यापैकी वाचते, आणि प्रत्येक फाइलच्या आतच मूळ आवाजाची चेकसम लिहिलेली असते. दहा वर्षांनी कोणालाही एका कमांडने फाइल शाबूत आहे का ते तपासता येईल, मग डिस्कवर झेडएफएस असो वा नसो.

एसएमआर डिस्कवर एकदा लिहून ठेवायला हरकत नाही, मिररमध्ये (तीच प्रत ठेवणाऱ्या डिस्कांच्या जोडीत) मात्र ती घालू नका. तिच्यावर सगळी प्रत उतरवा आणि ती कुडाळबाहेर, नात्यातल्या कोणाकडे तरी ठेवा. हवाबंद डब्यात, सिलिका जेलची पुडी घालून. दर चार-सहा महिन्यांनी आणून नवीन टेपा चढवायच्या आणि परत पाठवायची. चांगली डिस्क तुमच्याकडे, झेडएफएस करून, फक्त कामापुरती जोडायची. एकाच डिस्कवर झेडएफएसला बिघाड कळतो पण सुधारता येत नाही, म्हणून पैसे जमले की तशीच चांगली तिसरी डिस्क घेऊन मिरर करा. ती शक्यतो दुसऱ्या दुकानातून घ्या. एकाच खोक्यातल्या डिस्का एकाच सुमारास जाताना मी पाहिल्या आहेत.

टेपवाली_कुडाळ

बहीण बेळगावला असते, तिच्याकडे ठेवते. गणपतीला ती येते आणि शिमग्याला मी जाते, त्यामुळे वर्षातून दोनदा डिस्क हातात येईल. आज रात्री ६० टेपांचं फ्लॅक करायला लावते.

कृष्णाकाठ_वाई

उत्तम. फक्त फ्लॅक झाल्या झाल्या वेव्ह पुसू नका. दोन्ही डिस्कांवर प्रती उतरवा, डिस्का काढून पुन्हा जोडा, आणि तपासणीची कमांड डिस्कवरच्या प्रतींवर चालवा. दोन्हीकडे साठच्या साठ टेपा बरोबर आल्या की मगच पुसा. आणि बुरशी धरलेल्या टेपा आधी घ्या, क्रम सोडा.