मदत हवी आहे: स्लीप अ‍ॅप्नियासाठी जबडा पुढे धरणारं उपकरण, पण दाढा कमी आहेत
बाबा ६३ वर्षांचे, आम्ही नाशिकला. घोरणं जुनंच, पण आईच्या लक्षात आलं की मध्येच श्वास थांबतो आणि ते दचकून जागे होतात. दुपारी पेपर हातात धरूनच डुलक्या. झोपेची तपासणी झाली आहे: एएचआय १९, म्हणजे तासाला १९ वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो. म्हणजे मध्यम प्रकारचा स्लीप अ‍ॅप्निया.

सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं) दोन महिने भाड्याने आणलं. मास्क बदलून पाहिला, हवा दमट करणारा ह्युमिडिफायर लावला, तरी रात्री दोनला काढून ठेवतात. (आई म्हणते, यापेक्षा घोरणं बरं होतं!) कुशीवर झोपणं चालू आहे, वजन ४ किलो उतरलंय, नाकात अडथळा नाही. आता झोपेच्या डॉक्टरांनीच दातांवर रात्री बसवायचं, खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण सुचवलंय.

अडचण अशी की खालच्या उजव्या दोन दाढा नाहीत, तिथे काढघालीची कवळी आहे. हिरड्यांचे उपचार गेल्या वर्षी झाले. बाकीचे दात हलत नाहीत. एक दंतवैद्य लगेच "बनवून देतो" म्हणाले, पण रिपोर्ट बघायलाही मागितला नाही, म्हणून थांबलो. गरम पाण्यात मऊ करून चावायचं तयार उपकरण नको आहे.

इतक्या कमी दाढांवर हे कोणाच्या घरी नीट बसलंय का? त्यासाठी ऑर्थोडॉन्टिस्टकडे (वाकडे दात सरळ करणारे) गेलात की प्रोस्थोडॉन्टिस्टकडे (कवळी, कृत्रिम दात बसवणारे)? आणि उपकरण तोंडात ठेवून झोपेची तपासणी पुन्हा केली, तेव्हा एएचआय खरंच उतरला का?