डिपेंडन्सी: फांदी की लोंबकळणारा?

अडकित्ता: वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसमध्ये ६.५ पासून (एप्रिल २०२४) प्लगइनच्या, म्हणजे वरून जोडायच्या प्रोग्रामच्या, हेडरमध्ये (फाइलच्या माथ्यावरच्या माहितीत) 'रिक्वायर्स प्लगइन्स', म्हणजे आधी कोणते प्लगइन लागतात, ही ओळ लिहिता येते. दुकानाचा प्लगइन चालू नसेल तर त्यावर चालणारा कुरिअरचा सुरूच होत नाही, आणि कुरिअरचा चालू असेतो दुकानाचा बंद करता येत नाही. या 'डिपेंडन्सी'च्या सूचनांचं मी मराठी केलं: "आधी अवलंबिते बसवा" आणि "अवलंबिते चालू आहेत, बंद करता येणार नाही". तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "अवलंबित म्हणजे बायकामुलं ना? पेन्शनच्या फॉर्मात असतात ती." काय लिहू?

निमूट: अवलंबित्व. सगळे तेच लिहितात.

धोंडोपंत: ती अवस्था झाली, वस्तू नव्हे. अव + लंब् म्हणजे खाली लोंबणे. कुरिअर लोंबकळतोय, दुकान ही फांदी. अडकित्ता, तुम्ही दोघांना एकच नाव दिलंय! ताईंचं बरोबर आहे.

माळ्यावरची: फांदीला 'टेकू' म्हणा. केळीच्या घडाला देतात तो.

निमूट: टेकू सरकारला बाहेरून देतात. कधीही काढतात.

डेबियनवाला: आमच्या डेबियन लिनक्समध्ये प्रोग्राम बसवताना तीन पायऱ्या. डिपेंड्स म्हणजे वरणभातातलं वरण. रेकमेंड्स म्हणजे तूप, न मागता वाढतात, नको तर सांगायचं. सजेस्ट्स म्हणजे लिंबू. शिवाय "२.४ किंवा पुढची" अशी आवृत्तीची अटही घालता येते. वर्डप्रेसच्या त्या ओळीत नुसती नावं, आवृत्तीला जागाच नाही. दुखणं शब्दाचं नाही, तिथलं आहे.

अडकित्ता: पोळलोय त्यात. एका गिऱ्हाइकाकडे दुकानाची जुनी आवृत्ती होती. नाव जुळलं, प्लगइन सुरू झाला, पहिल्या ऑर्डरलाच आडवा. आता आवृत्ती आमच्याच कोडात तपासतो.

निमूट: 'आवृत्ती' चूक. अथर्वशीर्षाची २१ आवर्तनं करतो तेव्हा मजकूर तोच असतो. व्हर्जनमध्ये बदलतो.

धोंडोपंत: मग 'सुधारित आवृत्ती' छापतात ती काय?

माळ्यावरची: काहीही म्हणा, आमचे हिशेबनीस ३.१० ला ३.९ च्या आधीची समजतात. दशांश पक्के आहेत त्यांचे.

डेबियनवाला: 'तीन टिंब दहा' वाचायला शिकवा.

निमूट: टिंब की बिंदू?

अडकित्ता: मंडळी, पॅकेज आज रात्री जायचंय. सध्या 'आधी लागणारे' आणि 'यावर चालणारे' लिहितोय.

धोंडोपंत: 'लागणारे'? मामा लागतो, काका लागतो, तसं? ताई परत पेन्शनच्या फॉर्मावर जाणार.